आठ किलोची गादी अन् दोन किलो सहाशेची नात

चहा उकळेस्तोवर माही फजिती ऐकून घ्या, पण आधी कबूल करा, गावात कोणाले सांगायची नाही. तसं गावाले माहीत आहे म्हणा. मारेगावच्या बाजारात माहीत आहे. पुसदले विहीणबाईंच्या घरी तर फोटोसकट माहीत आहे. तरी आपलं सांगून ठेवतो. पस्तीस वर्षं कापूस पिकवलेल्या माणसाचं नाक कशानं कापलं गेलं असन? बोंडअळीनं? व्यापाऱ्यानं? नाही जी. एका पपईनं.

हसू नका. ऐका तर.

माही पोरगी रूपा पुसदले दिली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज, म्हणून सातवा सरला तसं तिले घरी आणलं. तारखेले अजून दोन-अडीच हप्ते होते, पण नातीले भल्ली घाई. यवतमाळले दवाखान्यात नेलं अन् दुसऱ्या दिवशी सकाळीच पोरगी झाली. दोन किलो सहाशे ग्राम. मी जिन्यात उभा राहून रडलो, खोटं कायले सांगू. मंग तोंड धुतलं. जावई अन् विहीणबाई दवाखान्यात थांबले, मी अन् माही बायको शोभा घर लावायले गावी परत आलो.

दुसऱ्या दिवशी रूपाचा फोन.

"बाबा, इथल्या सिस्टरनं आम्हा सगळ्या बायांले बसवून सांगितलं. बाळ माह्याच खोलीत, माह्या पलंगाले लागून, पण त्याची झोपायची जागा वेगळी पाहिजे. गादी घट्ट पाहिजे, सपाट पाहिजे. आत उशी नाही, लोड नाही, गोधडी नाही, काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काही नाही, बाबा. फक्त बाळ."

"होते तयार. तू ये फक्त."

"नीट ऐकून घ्या. ती लवकर आली आहे, एवढीशी आहे. मले भेव वाटते तिचं. तुमच्यानं होत नसन तर आत्ताच सांगा. सासूबाईंनी पुसदले सगळं तयार ठेवलं आहे. मी इथून सरळ तिकडे जाईन."

झालं. तुम्ही बाप असान तर समजून घ्यान. पोरगी पहिलं बाळंतपण अर्ध्यावर टाकून सासरी जाते म्हणते. नात माह्या घराचा उंबरा न ओलांडता पुसदले जाणार. गाव काय म्हणन, हे जाऊ द्या. मले स्वतःलेच काय वाटन? नऊ महिने मी बोटं मोजून राह्यलो होतो. अन् विहीणबाईंनी म्हणे सगळं तयार ठेवलं आहे. त्यांच्या आवाजाची धार मले फोनमधून न बोलता ऐकू आली.

मी म्हणलं, "विहीणबाईंले सांग, त्यांच्यापेक्षा चांगली जागा करतो. पाहातच राह्यतील."

पाहातच राह्यल्या, ते खरं.

आता थोडी आमच्या धंद्याची गोष्ट सांगावी लागते, नाहीतर तुम्ही मले निव्वळ येडा समजान. आमच्याकडे कापसाची परीक्षा एकच. ढिगात हात घालायचा. हात सरसर कोपरापर्यंत गेला म्हणजे माल कोरडा, फुललेला, नंबर एक. मनगटापाशीच अडकला म्हणजे माल ओला नाहीतर दाबलेला. व्यापारी असाच पाहाते, मीही असाच पाहातो. पस्तीस वर्षं माह्या हातानं एकच धडा गिरवला. मऊ ते चांगलं, कडक ते खोटं.

अन् त्या हाताले दवाखान्यातली सिस्टर सांगते, गादी कडक पाहिजे. कोणाच्या नातीले? कापूसवाल्याच्या नातीले. मी मनातल्या मनात लय विचार केला अन् माह्या डोक्यानं त्यातून एक पळवाट काढली. म्हणलं, ही सिस्टर शहरातली. शहरातल्या गाद्यांत असते फोम. फोममध्ये जीव घुसमटते, म्हणून बिचारी कडक घ्या म्हणते. तिनं खरा कापूस पाह्यला असता तर असं बोललीच नसती. हे नियम ज्यांच्या घरी कापूस नाही त्यांच्यासाठी आहेत. आमच्या घरी खोलीभर आहे.

पाहा, माणूस एकडाव चुकायचं ठरवलं की कसा शिस्तीत चुकते.

एक काम मात्र मी बरोबर केलतं, ते आत्ताच सांगून घेतो, कारण पुढं माही तारीफ करायले जागा नाही. सुताराकडून महिनाभर आधीच सागाचा छोटा खाटला करून घेतलता. रूपाच्या पलंगाएवढा उंच, खाली सपाट फळी, चारी बाजूंनी उभ्या पट्ट्या, पट्ट्यांच्या मधात बाळाचं डोकं अडकणार नाही एवढीच फट. चार पाय असे की मी स्वतः धक्का मारून पाह्यला तरी हलला नाही. पलंगाले लागून ठेवला की रूपानं हात लांबवला का बाळ. इथंच मी थांबलो असतो तर आज तुम्हाले सांगायले काहीच नव्हतं.

पण थांबन तो मी कसला. मी पहिल्या वेचणीचा कापूस काढला. वेगळा ठेवलेला, पांढरा शुभ्र. सरकी काढून घेतली अन् रुईचं गाठोडं घेऊन मारेगावले रशीदभाईकडे गेलो. रशीदभाई पिंजारी. आमच्या घरच्या सगळ्या गाद्या त्यांनीच भरलेल्या. खाटल्याचं माप दिलं, गाठोडं समोर टाकलं.

रशीदभाईनं मापाकडे पाह्यलं, गाठोड्याकडे पाह्यलं.

"दादा, कितने लोग सोनेवाले है इसपे?"

"एक."

"पहलवान है क्या?"

"नात आहे माही. तीन दिवसाची."

त्यांनी गाठोडं काट्यावर टाकलं. "रुई नौ किलो. बच्ची का वजन कित्ता?"

"दोन किलो सहाशे."

"दादा," रशीदभाई एकदम हळू आवाजात बोलले, बिमार माणसाशी बोलावं तसं, "इत्ते छोटे बच्चे के नीचे पतली गादी डालते. टाके मार के, दबा के. बच्चा धसना नहीं."

"रशीदभाई, नात माही, कापूस माहा. तुम्ही पिंजा."

त्यांनी पिंजलं. पण सगळी रुई काही त्या खोळीत मावली नाही. किलोभर राह्यलीच. मी म्हणलं, ठेवून घ्या. दिलदार माणूस आहे मी.

दुसऱ्या दिवशी गादी घरी आली. काय सांगू तिचा थाट. तेलातून काढलेल्या पुरीसारखी टम्म. खाटल्यात ठेवली तर पट्ट्यांच्या वर आली. रुई फुगून खोळीचं वरचं तोंड शिवताच आलं नव्हतं, त्यातून मी हात घातला. सरसर गेला जी कोपरापर्यंत. माह्या अंगावर काटा आला. असा माल मी जन्मात कधी बाजारात नेला नाही.

शोभा दारात उभी होती. ती म्हणे, "अहो, पोरगी सपाट म्हणलती ना?"

मी एक पाट घेतला, गादीवर ठेवला, वरून दाबला. पाट आहे तोवर गादी सपाट. "हे पाहा, झाली सपाट." पाट काढला. गादी पुन्हा टम्म. मी शोभाकडे पाह्यलंच नाही.

तिनंही काही कमी केलं नाही, हे तिच्यासमोर बोलत नाही पण तुम्हाले सांगतो. बाळाचं डोकं गोल व्हायले म्हणून तिनं राईची उशी शिवली. बाजूची काकू आली, तिनं पट्ट्या लागतील म्हणून चार छोटे लोड आणले. समोरच्या घरून जुन्या लुगड्याची गोधडी आली, मऊ मऊ. एकीनं कापडाचे पोपट आणून टांगले. दुसरीनं नजरेचा काळा धागा बांधला. कोणाले नाही म्हणता येते का? गावातली नात आहे. दुपारपर्यंत त्या खाटल्यात सगळ्यांच्या मायेले जागा झाली, बाळाले सोडून.

मले काही ते दिसलं नाही. मले दिसली पुसदवाल्यांवर केलेली मात. मी मोबाईलवर फोटो काढला अन् आमच्या दोन्ही घरांचा जो ग्रुप आहे त्याच्यावर टाकला. खाली लिहिलं, 'आजोबांकडून. शुद्ध कापूस.'

पाच मिनिटांत विहीणबाईंचं उत्तर आलं.

'खूप छान. बाळ कोणत्या मजल्यावर ठेवायचं?'

मी ते वाचून चरफडलो. अन् तेवढ्यात रूपाचा फोन आला. मले वाटलं रागावन. रागावली असती तर बरं होतं. पोरगी एकदम शांत बोलली.

"बाबा, मी उद्या पुसदले जाते."

"काहून?"

"मी काय सांगितलतं अन् तुम्ही काय केलं?"

"अवं, तुले माहीत आहे का हा कोणता कापूस आहे? पहिल्या वेचणीचा..."

"मले कापसाचं नका सांगू. मी तिथं आले तर मले झोप लागणार नाही. घडी घडी उठून मी तिचा श्वास पाहात बसन. मले माह्या घरी तरी भेव नको होतं, बाबा."

आता इथं कोणी शहाणा बाप असता तर काय बोलला असता? मी बोललो, "जा मंग. तिथं लाकडावर झोपव माह्या नातीले." अन् फोन ठेवून दिला.

माहा स्वभाव असाच आहे. तोंडातून शब्द आधी निघते, अक्कल मागून चालत येते, अन् त्या दिवशी तर तिले यायले अर्धा दिवस लागला. मी वावरात गेलो. कापूस वेचून राह्यलेल्या बायांवर विनाकारण डाफरलो. एक बाई म्हणे, "भाऊ, नात झाली ना तुम्हाले? पेढे द्यायचे सोडून बोलणी काहून देऊन राह्यले?" मी गुपचूप घरी आलो. शोभा चुलीपाशी पदर डोळ्याले लावून बसलती. भाकरी झालती पण कोणी जेवलं नाही.

"मी उशी केली, ते चुकलं," ती म्हणे. "पण मी पोरीले जा नाही म्हणलं. तुम्ही म्हणलं."



तेवढ्यात दारात सायकल थांबली. मीनाताई आली. मीनाताई आमच्या गावची आशा. गरोदर बाया, लहान लेकरं, लसी, वजनं, सगळं तिच्याकडे. रूपाच्या वर्गात होती, म्हणून मले काका म्हणते. बाळ गावात येणार म्हणून जागा पाहायले आली म्हणाली. नंतर कळलं, रूपानंच फोन करून सांगितलतं, मीना, बाबा तुह्यं ऐकतात का ते एकडाव पाहा.

मीनाताई खाटल्यापाशी उभी राह्यली. मंग तिनं पोपट काढले, गोधडी काढली, दोन लोड उचलून पलंगावर ठेवले, तेव्हा कुठं तिले गादी दिसली.

"काका, जरा हात घालून दाखवा."

मले तेच पाहिजे होतं. मी बाही वर केली. कोपरापर्यंत. "पहिल्या वेचणीचा माल आहे," मी म्हणलं.

"माल चांगला आहे. पण तुमचा हात एवढा आत जाते, तर बाळाचं तोंड किती आत जाईन?"

"बाळाले पाठीवर निजवू ना. तोंड वर राह्यन."

"अन् कलंडलं तर?"

"तीन-चार दिवसाचं पोर कुठं कलंडते, मीनाताई? मान तरी धरते का ते?"

"मान धरत नाही, म्हणूनच तर म्हणते." मंग तिनं शोभाले विचारलं, "काकू, घरात बाळाएवढं काय आहे?"

शोभानं अंगणातल्या झाडाची पपई आणली. लांबोळकी, वरून निमुळती. मीनाताईनं पिशवीतून बाळ मोजायचा काटा काढला, झोळीत पपई टाकली अन् काटा उचलला. दोन किलो चारशे. "तुमच्या नातीपेक्षा हलकीच आहे," ती म्हणे.

मले अजून गंमतच वाटून राह्यली होती. मी म्हणलं, परीक्षा आहे ना, मंग नीट होऊ द्या. शोभाच्या डबीतलं काजळ घेतलं, पपईले दोन डोळे काढले, नाक काढलं, तोंड काढलं. बाळासाठी शिवलेलं टोपडं घातलं. खरं सांगतो, विहीणबाईंकडच्या लोकांसारखी दिसत होती थोडी.

पपई गादीच्या मधात ठेवली. पाठीवर, तोंड वर. शेजारी राह्यलेले दोन लोड, डोक्याखाली राईची उशी. मस्त दिसत होती. मी मीनाताईकडे पाह्यलं, म्हणलं, पाहा.

"आता थापटा," ती म्हणे. "निजवताना थापटते तसं. हळूच."

मी थापटलं. एक हात पट्टीवर, एक हात पपईवर. आजोबा नातीले निजवते तसंच. पाच-सहा डाव थापटलं असन. पपई जराशी खाली बसली. आणखी थापटलं, गादीत खळगा झाला, उशी सरकली, पपई एका कडेले झुकली. मी हात मागं घेतला. पण ती झुकलेली होती, ती थांबली नाही. हळूच पालथी झाली. वरून लोड आला. खालून रुई दोन्हीकडून वर आली. डोळे गेले, नाक गेलं, तोंड गेलं. वरून फक्त टोपडं दिसून राह्यलं होतं.

मी काढायले हात पुढं केला. मीनाताई म्हणे, "थांबा काका. एक मिनिट तसंच राहू द्या."

"कायले?"

"तोंड असं दबलं तर बाळाले रडता येत नाही. मान फिरवता येत नाही. आवाजच होत नाही काही. रूपा थकलेली, तिले डुलकी लागलेली. तुम्ही ओसरीत बसलेले. कोणाले कळन, सांगा?"

मी त्या टोपड्याकडे पाहून राह्यलो होतो. ती पपई आहे, हे मले माहीत होतं. डोळे मीच काढले होते. पण ते एक मिनिट माह्यानं झालं नाही. मी झडप घालून पपई बाहेर ओढली. काजळ सगळं फिसकटलं होतं अन् तोंडावर रुई चिकटली होती. मी बोटानं ती रुई काढू लागलो. पपईच्या तोंडावरची. मी तसाच खाली बसलो.

माह्याच कापसानं. माह्याच हातानं थापटून. मले दुसरं काही सुचेना.

मीनाताई माह्या शेजारी खाली बसली. ओरडली नाही. "काका, खाटला एकदम चांगला केला तुम्ही," ती म्हणे. "जागाही बरोबर आहे, पलंगाले लागून. फक्त गादी पातळ अन् घट्ट पाहिजे, खाटल्यात चारी बाजूंनी बरोबर बसणारी. वर चादर ताणून. बस. बाकी काही नाही."

"थंडी लागन ना पोरीले?" शोभानं विचारलं.

"अंगात कपडे घाला ना काकू, एक-दोन. वरून सैल पांघरूण नको, तेच तोंडावर येते. अन् निजवायचं नेहमी पाठीवर."

मी उठलो. लोड काकूच्या घरी, गोधडी समोरच्या घरी, पोपट अन् नजरेचा धागा ज्यांचे त्यांच्या घरी. परत देताना सगळ्यांले सांगितलं, माया पोचली, सामान घेऊन जा. उशी शोभानं स्वतःच उचलली. मंग मोटारसायकल काढली अन् मारेगावले रशीदभाईकडे गेलो. रस्ताभर घोकून राह्यलो होतो, त्यांले कसं सांगावं, माफी कशी मागावी. दुकान बंद व्हायची वेळ झालती.

मी तोंड उघडायच्या आधी रशीदभाईनं मागून एक छोटी गादी काढून समोर ठेवली. दोन बोटं जाड. दाबून भरलेली, जवळ जवळ टाके. बरोबर खाटल्याच्या मापाची.

"ये क्या?" मी विचारलं.

"तुम्हारीच रुई है दादा. जो बची थी, वो. मालूम था तुम आनेवाले."

किलोभर रुई. जी मी दिलदारपणे सोडून आलतो, तीच माह्या कामी आली. पैसे द्यायले लागलो तर म्हणे, राहू द्या, बच्ची का मुँह दिखाना.

सकाळी मीनाताई पुन्हा आली. नवी गादी खाटल्यात बसवली, कडेले बोट जाईना एवढी बरोबर. वर चादर ताणली. मी हात घालून पाह्यला. हात गादीत गेलाच नाही. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा हात वरच्या वर राह्यला अन् मले बरं वाटलं. पपईले नवीन काजळ घातलं, टोपडं घातलं, पाठीवर ठेवलं. थापटलं. जोरात थापटलं. पपई तोंड वर करून तशीच्या तशी. शोभानं खाटला हलवून पाह्यला. तशीच.

मले एवढा आनंद झाला की काही न पाहाता मी मोबाईल काढला, फोटो घेतला अन् ग्रुपवर टाकून दिला. खाली लिहिलं, 'घट्ट. सपाट. मोकळी. चुकलो पोरी, माफ कर.'

विहीणबाईंचं उत्तर आलं. 'जागा उत्तम. पण ही कोण झोपली आहे?'

मंग माह्या ध्यानात आलं. टोपडं घातलेली, काजळ लावलेली पपई फोटोत तशीच होती. तोवर जावयानं तो फोटो आपल्या ऑफिसातल्या लोकांले पाठवला होता. जावयाच्या बहिणीनं आणखी कुठं कुठं पाठवला. त्या दिवशी पुसदमध्ये किती लोकांनी माही पपई पाह्यली, त्याचा हिशेब नाही.

रूपाचा फोन आला. मी उचलला. तिकडून काही आवाज नाही. मले वाटलं रडून राह्यली. मंग कळलं, हसून राह्यली, अन् टाके दुखतात म्हणून हसू दाबून राह्यली.

"बाबा," ती म्हणे, "पपई काढा. मी येऊन राह्यली."

मी पपई काढली.

दुपारी गाडी आली. जावई अन् विहीणबाई सोबत आलते. त्यांनी आधी खाटल्यातल्या गादीवर तळवा ठेवला, दाबला, अन् मले म्हणाल्या, "आमच्या पुसदच्या गादीपेक्षाही चांगली आहे हो." मी म्हणलं, तुमच्यामुळंच झाली. दोघंही खोटं बोललो नाही. रूपानं पोरीले पाठीवर ठेवलं. पोरीनं दोन्ही हात डोक्याच्या बाजूले वर फेकले, तोंड जरासं हलवलं अन् झोपली. रूपा पलंगावर तिच्याकडे तोंड करून आडवी झाली, एक हात पट्टीवर ठेवला अन् पाच मिनिटांत तिलेही झोप लागली. पोरगी चिडीचूप अन् माय घोरू लागली. घरात सगळे पायाच्या बोटांवर चालून राह्यले होते, अन् मले हसू अन् रडू एकदमच येऊन राह्यलं होतं.

गोष्ट इथं संपायले पाहिजे होती. पण आठ किलोची गादी घरात तशीच पडलेली होती.

शोभा म्हणे, उसवून रुई काढून ठेवा. मी म्हणलं, अवं, पहिल्या वेचणीचा माल आहे, असा कसा उसवू? बाळाले मऊ चालत नाही, मान्य. मले काय झालं? मी काय मान धरत नाही? ओसरीतल्या तखतावर ती गादी टाकली, वरून दोन उशा घेतल्या अन् तिच्यात झोपू लागलो. काय सुख होतं, सांगता येत नाही. बाजूनं कोणी गेलं तर मी दिसतच नव्हतो.

चौथ्या दिवशी सकाळी उठायले गेलो अन् उठता येईना. कंबर धरली जी. पार धरली. पाय एकीकडे, डोकं एकीकडे, मधला मी खळग्यात. हाक मारली तर आवाज गादीतच राह्यला. शेवटी जावई अन् शोभा दोघांनी दोन हात धरून मले बाहेर ओढलं. मारेगावचा डॉक्टर घरी आला, त्यानं इकडे दाबलं, तिकडे दाबलं, ती गादी पाह्यली अन् कागदावर लिहून दिलं. खाली सपाट फळी. वर पातळ, घट्ट गादी. झोपायचं पाठीवर. उशी नाही.

आता मीनाताई ठरल्या दिवशी येते, पोरीचं वजन करते, अंग पाहाते. परवा आली तर पोरीचं वजन चांगलं वाढलं होतं. तिनं रूपाले विचारलं, "झोपायचे सगळे नियम पाळता ना?"

मी ओसरीत फळीवर पाठीवर पडलेलो. डोक्याखाली टॉवेलाची गुंडाळी घातलती, कोणाले न सांगता. शोभा आली, वाकली, माह्या डोक्याखालून ती गुंडाळी ओढून काढली अन् आत पाहून म्हणाली, "लहानी पाळते जी. या मोठ्याले जरा समजावून सांगा."